‘रेझिलिअन्स’ हा शब्द ताईंचा आहे, सर!

इंटरव्ह्यूच्या खोलीत टेबलापलीकडे तिघं बसलेले. अलीकडे आमचा मुरबाडचा गडी. कडक इस्त्रीचा शर्ट, मित्राकडून उसने आणलेले बूट आणि हातात फाईल. कॉलेज मोठं, नाव सांगत नाही. पहिलाच प्रश्न आला, “तू तुझ्या स्टेटमेंटमध्ये रेझिलिअन्स हा शब्द वापरलायस. तुला त्यातून नक्की काय म्हणायचंय?”

त्याने दोन सेकंद विचार केला. आणि मग अत्यंत प्रामाणिकपणे उत्तर दिलं, “सर, दॅट वर्ड इज ऑफ माय ताई.”

ताई म्हणजे अस्मादिक.

हे मला त्यानेच सांगितलं. कल्याणच्या एसटी स्टँडवर, वडापाव खाताखाता, हसतहसत. मी पण हसले. मग घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडले. कारण त्या पाचशे शब्दांच्या स्टेटमेंटमधले साधारण साडेतीनशे माझे होते, हे फक्त मलाच माहीत होतं.

त्याचं सिलेक्शन झालं नाही. ते काही त्या एका शब्दामुळे नाही, असं सगळे म्हणतात. म्हणोत.

तर मंडळी, आजचा विषय आहे इंग्लिश. घाबरू नका, ‘तीस दिवसांत फाडफाड’वालं नाही. त्याचे बोर्ड शहापूरपासून मुरबाडपर्यंत प्रत्येक चौकात लागलेत. हे त्याच्या पुढचं, म्हणजे लिहायचं इंग्लिश. कॉलेजच्या फॉर्मवर ‘स्वतःविषयी पाचशे शब्दांत लिहा’ अशी एक रिकामी चौकट असते ना, ती भरायचं इंग्लिश.

मी यात कशी पडले? सोमवार ते शुक्रवार मी ऐरोलीतल्या एका ऑफिसात बसून क्लायंटला मेल लिहिते. तिथे माझी ‘हिचं इंग्लिश सॉलिड आहे’ अशी ख्याती आहे. (ख्याती का आहे, ते पुढे येईलच.) शेजारच्या क्युबिकलमधला कलीग शहापूरचा. त्याच्या काकांची तिथे एक छोटी अभ्यासिका. “अगं, बारावीच्या पोरांना कुणीतरी निबंध शिकवायला हवंय. एखादा शनिवार ये ना,” म्हणाला. एखाद्या शनिवारचे महिन्याला तीन शनिवार कधी झाले, कळलंच नाही.

सकाळची कसारा लोकल पकडायची, आसनगावला उतरायचं, शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून अर्ध्या मांडीवर बसून शहापूर गाठायचं. एक शनिवार शहापूर, पुढचा मुरबाड. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे कल्याणहून एसटी. कधी दोन्हीकडे एकाच दिवशी असलं तर शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत आतल्या रस्त्याने मुरबाड. पावसाळ्यात हा रस्ता म्हणजे निव्वळ हिरवं वेड. वीकेंडला लोणावळ्याच्या जाममध्ये अडकणाऱ्यांची मला फार दया येते.

मुलं कुठकुठची! डोळखांबची, शेणव्याची, टोकावड्याची, खर्डीची. काही आश्रमशाळेतून आलेली. बहुतेकांच्या घरात बारावीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच माणूस. आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात आली. ही पोरं इंग्लिशला अजिबात नवखी नाहीत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारावीच्या पोराने बारा वर्षं हा विषय अंगावर घेतलेला असतो. बोर्डाचा पेपर ऐंशी मार्कांचा आणि वीस तोंडीचे. ते निघतात. २०२० साली बारावीचं जे युवकभारती पुस्तक आलं, त्यात तर ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ कसं लिहायचं तेसुद्धा घातलं. आपल्या वेळी होतं का हो हे? आपण आजारी असल्याचे रजेचे अर्ज लिहून पास झालो.

म्हणजे वाक्यं येत होती. मग अडत कुठे होतं?

पहिल्या शनिवारी मी सगळ्यांना एक पान लिहायला सांगितलं. विषय सोपा : मी कोण आणि मला काय शिकायचंय. बावीस कागद गोळा केले आणि परतीच्या लोकलमध्ये वाचायला घेतले. टिटवाळा येईपर्यंत मला वाटायला लागलं की मी एकच कागद पुन्हा पुन्हा वाचतेय. आय ॲम हार्डवर्किंग. आय ॲम पंक्च्युअल. माय फादर इज अ फार्मर. आय वॉन्ट टू सर्व्ह माय नेशन. शेवटी नेमाने ‘व्हेअर देअर इज अ विल’. बावीस मुलं, एकच माणूस! त्या माणसाला मी गाईडमध्ये भेटले होते. तुम्हीही भेटला असाल.

चिडचिड झाली. पण मग सोमवारी ऑफिसात माझ्या मेलच्या सेंट आयटम्समध्ये सहज डोकावले. ‘ट्रस्ट यू आर डूइंग वेल.’ ‘प्लीज फाइंड अटॅच्ड.’ ‘काइंडली डू द नीडफुल.’ ‘लुकिंग फॉरवर्ड.’ अकरा वर्षांची नोकरी आणि त्यातली साठ टक्के वाक्यं मी कधी लिहिलेलीच नव्हती, फक्त चिकटवली होती! माझी जी काही ख्याती आहे ती याची आहे. माझं गाईड जरा महागातलं, एवढाच फरक.

मग आम्ही सगळं सोडून मुळापासून सुरू केलं.

ॲडव्हान्स्ड निबंध म्हटलं तरी व्याकरण लागतंच. सगळ्यात जास्त जीव खातात ती ‘अ’ आणि ‘द’ ही टीचभर उपपदं. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे मुलं ती मिठासारखी चवीपुरती भुरभुरवतात. पाठ केलेले नियम बावीस आणि अपवाद तेहतीस. शेवटी टोकावड्याच्या एका पोरानेच त्याचा तोडगा काढला. म्हणाला, “ताई, गोष्टीत असतं तसं ना? एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा ‘एक’, मग ‘तो’.” अगदी तस्सं! पहिल्यांदा भेटला की ‘अ’, ओळख झाली की ‘द’. सगळीकडे लागू पडत नाही, पण निम्मी लढाई तिथेच जिंकली. आपल्या आज्जीला ही उपपदं येत होती की हो, फक्त नाव माहीत नव्हतं.

दुसरा व्हिलन म्हणजे आपला लाडका ‘च’. ‘मीच केलं’ हे इंग्लिशमध्ये कसं आणणार? मग येतं ‘आय ओन्ली डिड’. आपल्या ऑफिसातही येतं, कुणी कबूल करत नाही. इंग्लिशला जोर द्यायचा असतो तेव्हा ती अख्खं वाक्य हलवते, जागा बदलते. मराठी एका अक्षरात काम उरकते. हे फळ्यावर एकदा शेजारी शेजारी मांडलं की पोरांचा चेहरा बघण्यासारखा असतो. आपली भाषा कमी नाही, वेगळ्या रस्त्याने जाते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

रस्त्यावरून आठवलं. १९६६ साली रॉबर्ट कॅप्लन नावाच्या एका अमेरिकन भाषातज्ज्ञाने परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्लिश निबंध वाचून एक लेख लिहिला आणि त्यात चक्क रेघोट्या काढल्या. कुठल्या भाषेचा माणूस परिच्छेद कसा रचतो, त्याची चित्रं. इंग्लिशवाला म्हणजे सरळ खाली जाणारा बाण. आणि ‘ओरिएंटल’, म्हणजे पूर्वेकडचा, तो गोल गोल भोवरा. या चित्रांवर पुढे जाम टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. कारण अख्ख्या आशियाचा भोवरा करून टाकणं म्हणजे जरा अतीच. कॅप्लनने स्वतःही नंतर आपलं म्हणणं बरंच सौम्य केलं. तरीही मी ती चित्रं फळ्यावर काढते. पोरं हसतात आणि लगेच विचारतात, “मग आपली कुठली?”

आपली? आठवा शाळेतला निबंध. ‘सूर्य उगवला नाही तर’. ‘एका वृक्षाचे आत्मकथन’. सुरुवातीला एक सुविचार किंवा कवितेच्या दोन ओळी. मग निसर्गवर्णन. मग हळूच मुद्दा. मग ‘म्हणूनच’. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक प्रतिज्ञा. हा आपला कसारा घाट : वळणं घेत घेत वर, दृश्य सुंदर, पण इगतपुरी शेवटी येते. इंग्लिश कॉलेजी निबंधात इगतपुरी पहिल्या परिच्छेदात सांगून टाकायची असते. ‘मी इगतपुरीला जातोय, या तीन कारणांसाठी’. मग घाट. मुलांना हे सुरुवातीला उद्धटपणाचं वाटतं. “डायरेक्ट कसं सांगायचं, ताई? समोरचा मोठा असतो.” मला हे फार आवडलं. त्यांचं अडत होतं ते इंग्लिशमध्ये नाही, सभ्यतेत.

आणि मोठ्या माणसाशी असहमत होणं तर त्याहून कठीण. त्यावर मला एक जालीम औषध सापडलं. मुलांनी बाबासाहेबांचा फोटो शाळेत रोज पाहिलेला असतो. मी त्यांना कोलंबिया विद्यापीठातला विद्यार्थी दाखवला. ९ मे १९१६, न्यूयॉर्क. पंचवीस वर्षांचा मुलगा डॉ. गोल्डनवायझरांच्या सेमिनारमध्ये पेपर वाचतोय, ‘कास्ट्स इन इंडिया’. इंग्लिश त्याचीही मातृभाषा नव्हती. हा विद्यार्थी काय करतो? जातीची व्याख्या करणारे चार मोठे अभ्यासक समोर ठेवतो : सेनार, नेसफील्ड, रिझ्ली आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. होय, ज्ञानकोशकार केतकर! त्यांचं जातिसंस्थेवरचं इंग्लिश पुस्तक १९०९ सालचं, तेही अमेरिकेत शिकतानाचं. बाबासाहेब आधी केतकरांना दाद देतात : यांनी जात सुटी न बघता व्यवस्थेचा भाग म्हणून बघितली. आणि मग शांतपणे सांगतात, की केतकर जातीची दोन लक्षणं म्हणून जी सांगतात, ती दोन नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. संपला विषय! ना आवाज चढला, ना ‘आय बेग टू डिफर’.

दोन मराठी माणसांचं इंग्लिशमध्ये भांडण, आणि इतकं देखणं. मुलांनी ते पान तीन शनिवार पुरवलं. आधी समोरच्याचं बरोबर काय ते सांगायचं, मग कुठे पटत नाही ते. शेणव्याची एक मुलगी म्हणाली, “हे घरी पण चालेल.” तिच्या लग्नाचं बघत होते तेव्हा. चाललं की नाही ते तिने सांगितलं नाही, पण या वर्षी ती एफवायला आहे.

आता परत त्या मुरबाडच्या गड्याकडे येते, कारण त्याच्यापासून पळता येत नाही.

तो पहिल्या बॅचचा. हुशार, बोलायला बिनधास्त. फॉर्मची मुदत आली तेव्हा त्याने जे लिहून आणलं ते ओबडधोबड होतं, पण त्याचं होतं. म्हशाच्या जत्रेत बैल कसा पारखतात यावर त्याने अख्खा परिच्छेद लिहिला होता. दात, खूर, चाल. मी काय केलं? म्हटलं, बैल काय कॉलेजला सांगायचेत? ते काढलं आणि तिथे ‘ग्रोइंग अप इन अ ड्राउट-प्रोन ट्रायबल बेल्ट टॉट मी रेझिलिअन्स’ असं झकास वाक्य बसवलं. एक शब्द सुधारला, मग त्याच्या शेजारचा खटकला, मग वाक्य, मग परिच्छेद. प्रत्येक दुरुस्ती करताना मला वाटत होतं मी मदत करतेय. शेवटी कागदावर एक अतिशय गुळगुळीत, दुःखी आणि मेहनती मुलगा उभा राहिला. तो कुणीच नव्हता. आणि खऱ्या मुलाला त्याच्यासारखं वागायला इंटरव्ह्यूला पाठवून दिलं.

तो आता मुरबाडच्या एमआयडीसीत आहे आणि बाहेरून बी.कॉम. करतोय. भेटला की मला ‘रेझिलिअन्स ताई’ म्हणतो. मी ऐकून घेते.

दुसऱ्या वर्षी आली ती डोळखांबकडची. फार बोलायची नाही, मागच्या बाकावर बसायची, पण वहीत खाडाखोड भरपूर. (खाडाखोड करणारं पोर दिसलं की मला बरं वाटतं.) तिला पर्यावरणाचा अभ्यास करायचा होता, पुण्या-बंगळुरूकडे कुठेतरी, स्कॉलरशिपवर. फॉर्ममध्ये दोन निबंध. मी मागच्या चुकीतून शिकले होते, म्हणजे निदान तसं मला वाटत होतं. म्हटलं, “तुझ्या मनातलं लिही. पाण्यावर लिही! तुमच्या तालुक्यातून तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि तुमच्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. यापेक्षा भारी विषय कुठला?”

ती गप्प. मग म्हणाली, “नको ताई.”

“का गं?”

“बाहेरून जे येतात ते सगळे पाण्याचंच विचारतात. फोटो पण हंड्याचाच काढतात. मला येतं ते, पण मला त्याच्यावर नाय लिहायचं.”

बसा आता! मी मनात तिचा निबंध केव्हाच लिहून टाकला होता, शेवटच्या वाक्यासकट. डोळ्यांत पाणी आणणारा. कॉलेजवाल्यांना आवडला असता, हेही सांगते. आपल्या दुःखाला तिथे भाव आहे. गावाकडची पोर म्हटली की हंडा हवा, कंदील हवा, अनवाणी पाय हवेत. शहरातला मुलगा रोबोटिक्सवर लिहितो आणि हिने तहानेवर लिहायचं, ही वाटणी कुणी केली? या वेळेपुरती तर मीच.

“मग कशावर लिहायचंय?”

“राबावर.”

आपल्यापैकी बहुतेकांना राब म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नाही, मलाही नव्हतं. भाताची रोपं तयार करायला जमिनीचा एक तुकडा असतो, त्यावर उन्हाळ्यात शेण, पातेरा, ऐनासारख्या झाडांचे टहाळ, गवत असे थर रचायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि भाजायचं. राब भाजणे. भडका उडवायचा नाही, वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून सावकाश धुमसू द्यायचं. पाऊस पडला की तिथे भात पेरायचं. तण कमी येतं, रोप जोमदार येतं, उपटायला सोपं जातं. आसनगावच्या पुढे मे महिन्यात लोकलच्या खिडकीतून जे काळे चौकोन दिसतात ना, ते हे. मी इतकी वर्षं बघत होते आणि मला वाटायचं कचरा जाळलाय.

“पण राबाला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं?” तिचा खरा प्रश्न हा होता. डिक्शनरीत नाही. ‘सीडबेड बर्निंग’ म्हटलं की गुन्हा केल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. आणि बरोबर होतं. एक शब्द चुकीचा घेतला की अर्धा वाद तिथेच हरतो माणूस.

इथे मला खूप दिवसांनी काहीतरी खरंच शिकवता आलं. कारण या शब्दावरून इंग्रजांनी इंग्लिशमध्येच भरपूर कागद काळे केलेत! १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये राब आहे. जंगलखात्याने टहाळ तोडायला बंदी घालायला सुरुवात केली तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली, की सरकारला १८८५ साली बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल आला १८८७ साली. राबासाठी टहाळ तोडायचा हक्क शेतकऱ्याचा की नाही, हा त्यातला मोठा मुद्दा. आणि साहेबांनी शब्द काय वापरला? राब. रोमन लिपीत, तीन अक्षरं. त्यांनाही दुसरा सापडला नाही.

“म्हणजे मी पण तसाच लिहू?”

“तसाच लिही. पहिल्यांदा येईल तेव्हा एका वाक्यात समजावून सांग, मग बिनधास्त वापर.”

एक राजा होता, तो राजा. तिला पटलं.

पुढचे सहा शनिवार मी पेन हातात धरलं नाही. अक्षरशः! लाल पेन घरी ठेवून जायचे. फक्त प्रश्न विचारायचे. कुणी म्हणालं धूर होतो, झाडं बोडकी होतात, तर? तिने दोन दिवस विचार करून लिहिलं, हो, होतात. नेरळच्या सगुणाबागेतून आलेलं एसआरटी तंत्र आहे. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही, कायमचे गादीवाफे आणि थेट टोकणणी. तिच्या मामाच्या गावात एकाने केलं होतं, तो तिने जाऊन पाहिला. मग तिचा मुद्दा हळूहळू वर आला. राब बंद करा म्हणणारे धूर मोजतात, पण बेणणी मोजत नाहीत. राब भाजला नाही तर पावसात तण वाढतं आणि वाकून ते काढतं कोण? तिची आई, काकी आणि ती. म्हणजे राब हे अडाणीपण नाही, तो पावसाळ्यातल्या बायकांच्या कामाचा उन्हाळ्यातच केलेला बंदोबस्त आहे. ज्याला तो बंद करायचाय त्याने आधी त्या कामाचं काय ते सांगावं. आणि शेवटी तिने लिहिलं की राब चालू राहावा की नाही हे मला अजून ठरवता येत नाही, मला ते मोजायला शिकायचंय, म्हणून अर्ज करतेय.

मी हे लोकलमध्ये वाचलं आणि टिटवाळा कधी गेलं कळलं नाही.

निबंधात चुका होत्या. दोन ठिकाणी काळ घसरलेला, एका ठिकाणी ‘द’ भलत्याच जागी. माझा हात शिवशिवला. तुम्ही कधी कसाऱ्याला गाडी थांबलेली बघितलीय? घाट चढायला मागून जास्तीची इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना. एकास सदतीसचा चढ आहे तो, एकट्या इंजिनाला झेपत नाही. मागून ढकलत इगतपुरीपर्यंत न्यायचं आणि तिथे सुटायचं. बँकर नाशिकला जात नाही. मला हे त्या बैलवाल्या गड्याच्या वेळी कळायला हवं होतं.

तरी एक ‘द’ मी सांगितलाच. राहवलं नाही.

हल्ली या सगळ्यात नवा भिडू आलाय. या वर्षीच्या बॅचमधल्या खर्डीच्या एका पोराने पहिल्याच शनिवारी निबंध दिला तो एकदम चकाचक. एक चूक नाही, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. तिसऱ्या ओळीत रेझिलिअन्स! मी विचारलं, “कुणी लिहिला?” तर फोन दाखवला. चॅटजीपीटी. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगू, मला त्या यंत्रात माझाच चेहरा दिसला. दोन वर्षांपूर्वी मी जे रात्री जागून केलं होतं तेच ते पाच सेकंदांत करत होतं. दुःखी, मेहनती, गुळगुळीत मुलगा. बावीस जणांना एकच.

मी त्याला विचारलं, तुझ्या घरून शाळा किती लांब? कशाने जायचास? त्याने सांगायला सुरुवात केली ती वीस मिनिटं थांबला नाही. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, त्याच्या कामात गावातली जुनी पायवाट कशी तुटली, मग पोरांनी कुठून नवी पाडली, त्यावरून कुणाची भांडणं झाली. “हे लिही,” म्हटलं. “हे काय लिहायचंय, ताई?” म्हणाला. दर वर्षी हेच वाक्य येतं. मी आता मोजत नाही.

डोळखांबवालीला प्रवेश मिळाला. स्कॉलरशिप अर्धी मिळाली, उरलेल्या अर्ध्याची खटपट काकांनी आणि गावातल्या दोघा-तिघांनी केली, तो एक वेगळा लेख होईल. दिवाळीच्या सुट्टीत ती आली होती. केस जरा कापलेले, बाकी तीच. तिथे पहिल्याच असाइनमेंटला सी मिळाला म्हणून वैतागलेली. म्हणे, तिथल्या सरांनी शेरा मारला, ‘पुरावा कुठाय?’ मी म्हटलं, बरोबर विचारलं त्यांनी. ती म्हणाली, “ते मला पण कळलं. पण सी देतात का त्यासाठी?”

निघताना मी तिला विचारलं, “तुझा राबाचा निबंध नव्या पोरांना नमुना म्हणून वाटू का? झेरॉक्स काढते बावीस.”

ती एकदम दचकली.

“नको हां ताई. पाठ करतील.”